नगरपालिकेचे दप्तर आणि नागरिकाचा अर्ज

मुंबईच्या उत्तरेस आणि ईशान्येस, वसई-विरारपासून मीरा-भाईंदर, ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरपर्यंत जी नगरांची मालिका गेल्या अर्धशतकात उभी राहिली, तिच्यातील असंख्य रहिवासी सकाळच्या लोकलने कामावर जातात आणि दिवेलागणीनंतर घरी परततात. त्यामुळे ज्या कचेरीत त्यांच्या गल्लीतील रस्त्याचा, गटाराचा, नळाचा आणि शेजारच्या मोकळ्या भूखंडाचा निर्णय होतो, त्या कचेरीत पाऊल टाकण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येतो. घरपट्टी ते नियमाने भरतात, पाणीपट्टी भरतात, परंतु त्या पैशाचा विनियोग कसा झाला हे विचारण्याची वेळ आली म्हणजे आपल्या हाती काहीच नाही, अशी एक उदास समजूत त्यांच्या मनात घर करून असते. ही समजूत खरी नाही. दहा रुपयांच्या शुल्कावर, मराठीत, साध्या कागदावर लिहिलेल्या अर्जाने नगरपालिकेचे दप्तर उघडून पाहण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येक नागरिकास दिला आहे. त्याचा उपयोग व्हावयाचा असेल, तर मात्र नगरपालिकेत कागद कोठे जन्मतो, कोणत्या टेबलावरून कोठे जातो आणि अखेर कोठे विसावतो, याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

या अधिकाराचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा, तर तो गुप्ततेकडून प्रकटतेकडे झालेल्या दीर्घ आणि कष्टाच्या प्रवासाचा इतिहास आहे. इंग्रजी अमदानीतील १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने कचेरीतील कागद म्हणजे सरकारची खाजगी मिरास, अशी वृत्ती अंमलदारवर्गात दृढ केली आणि स्वातंत्र्यानंतरही ती सहजासहजी गेली नाही. १९७५ मध्ये राज नारायण यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, लोकांच्या नावाने होणारे प्रत्येक सार्वजनिक कृत्य जाणून घेण्याचा लोकांना अधिकार आहे, असे तत्त्व मांडले. पण त्या तत्त्वास व्यवहारात उतरवले ते राजस्थानातील मजूर आणि शेतकरी स्त्रीपुरुषांनी, ज्यांनी आपल्या मजुरीचे हजेरीपट आणि गावातील कामांची बिले पाहावयास मागितली, जनसुनावणीत ती मोठ्याने वाचली आणि १९९६ साली ब्यावर येथे दीर्घकाळ धरणे धरले. गोव्याने १९९७ मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने २००२ चा राज्य कायदा आला. आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे अमलात आला. ज्यांना अक्षरओळखही पुरती नव्हती अशा माणसांनी आपल्या मजुरीचा कागद मागितला, आणि त्यातून हा कायदा निर्माण झाला, हे सुशिक्षित उपनगरवासीयाने विसरता कामा नये.

कायद्याने दिलेल्या अधिकाराची व्याप्ती पुष्कळांस वाटते त्याहून मोठी आहे. नक्कल मागणे हा त्याचा एक भाग झाला. याखेरीज नागरिकास मूळ अभिलेख समक्ष पाहता येतो, त्यातील टिपणे घेता येतात, चाललेल्या कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागता येतात आणि संगणकात साठवलेली माहिती त्याच स्वरूपात घेता येते. हा अधिकार नागरिकाचा आहे, संस्थेचा नाही. म्हणून गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसाने अर्ज करावयाचा तो संस्थेच्या शिक्क्याने न करता स्वतःच्या नावाने करावा, म्हणजे त्या मुद्द्यावर अर्ज परत येण्याचे कारण उरत नाही. माहिती कशासाठी हवी, हे विचारण्याचा अधिकार अधिकाऱ्यास नाही आणि ते सांगण्याचे बंधन अर्जदारावर नाही. संपर्कापुरता नावपत्ता दिला की पुरे.

आता अर्ज कोणाकडे करावा. अंबरनाथ किंवा बदलापूर येथील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने चालतो आणि तेथे प्रशासनाचा प्रमुख मुख्याधिकारी असतो. ठाणे, कल्याण-डोंबिवली किंवा वसई-विरार या महानगरपालिका असून तेथे आयुक्त असतो आणि कारभार बांधकाम, पाणीपुरवठा, नगररचना, मालमत्ता कर, आरोग्य, लेखा अशा विभागांत व प्रभाग समित्यांत विभागलेला असतो. अशा विभागांसाठी जन माहिती अधिकारी नेमलेले असतात आणि त्यांच्या वर प्रथम अपिलीय अधिकारी असतो. ही नावे कचेरीतील फलकावर लावलेली असावीत. नसली तर विभागाचे नाव लिहून 'जन माहिती अधिकारी' एवढा निर्देश पुरतो. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तरी तो परत पाठवावयाचा नसून पाच दिवसांच्या आत योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करावयाचा आणि तसे अर्जदारास कळवावयाचे, अशी आज्ञा कलम ६(३) मध्ये आहे.

हे कलम उपनगरवासीयास विशेष उपकारक आहे, याचे कारण उपनगरांच्या घडणीतच आहे. येथील शहरे एका रात्रीत शहरे झाली नाहीत. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, नगरपरिषदांची महापालिका झाली, सीमा पुढेमागे सरकल्या, आणि प्रत्येक स्थित्यंतरात दप्तराची गाठोडी एका कचेरीतून दुसरीकडे गेली. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून स्थापन झाली. त्या टापूचे नियोजन त्याआधी सिडकोकडे होते. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाल्यावर महसुली दप्तरांचीही वाटणी झाली. कल्याणजवळची २७ गावे महापालिकेतून २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा आत आली. अशा ठिकाणच्या एखाद्या जुन्या इमारतीची परवानगी शोधावयाची असेल तर ती ग्रामपंचायतीने, जिल्हाधिकाऱ्याने, नियोजन प्राधिकरणाने की नगरपरिषदेने दिली, हे इमारतीच्या सालावरून आधी ठरवावे लागते. म्हणून अर्जात सर्वेक्षण क्रमांक, गावाचे जुने नाव आणि बांधकामाचे अंदाजे वर्ष ही तिन्ही द्यावीत आणि अभिलेख अन्यत्र असल्यास कलम ६(३) अन्वये अर्ज वर्ग करावा, अशी स्पष्ट विनंती शेवटी जोडावी.

अर्जाचा नमुना महाराष्ट्राच्या २००५ च्या नियमांत 'जोडपत्र अ' या नावाने दिला आहे. त्यात अर्जदाराचे नाव व पत्ता, माहितीचा विषय, कालावधी, तपशील आणि माहिती टपालाने हवी की समक्ष, असे मुख्य रकाने आहेत. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा किंवा रोख रक्कम भरून पावती घ्यावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास दाखल्याची प्रत जोडली असता शुल्क पडत नाही. ज्यास लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लेखी स्वरूपात उतरवण्यास साहाय्य करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे १५० शब्दांपलीकडे जाऊ नये, असा दंडक आहे. दोन विषय असतील तर दोन अर्ज करावेत. अर्जाची दुसरी प्रत तयार ठेवून तिच्यावर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये, कारण उत्तराची मुदत त्या शिक्क्यापासून मोजली जाते. राज्य शासनाने ऑनलाइन अर्जाचीही सोय केली आहे. आपली नगरपालिका त्या यादीत असेल, तर रजा काढून कचेरी गाठण्याचे श्रम वाचतात.

अर्जाचा आत्मा मात्र त्याच्या तपशिलात आहे, आणि बहुतेक अर्ज निष्फळ होतात ते येथेच. 'आमचा रस्ता वर्षभरात का उखडला', 'निकृष्ट कामास जबाबदार कोण', 'दुरुस्ती कधी करणार' हे प्रश्न सभेत विचारण्यास योग्य असले तरी माहितीच्या अर्जात निरुपयोगी आहेत. गोव्यातील सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले की अमुक गोष्ट का केली, याचे समर्थन मागणे म्हणजे माहिती मागणे नव्हे. आणि २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जी माहिती अभिलेखात अस्तित्वात आहे तीच देणे बंधनकारक आहे, नवी माहिती तयार करून देणे अगर अभिप्राय देणे बंधनकारक नाही. तेव्हा कारण विचारू नये. ज्या कागदावर ते कारण लिहिलेले आहे, तो कागद मागावा.

रस्त्याचेच उदाहरण घेऊ. रस्ता होण्यापूर्वी अभियंता अंदाजपत्रक तयार करतो, त्यास तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी मिळते, निविदा निघते, दरांचा तौलनिक तक्ता होतो, मंजूर ठेकेदारास कार्यादेश दिला जातो, काम चालू असता कनिष्ठ अभियंता लांबी, रुंदी व जाडी मोजमाप पुस्तकात नोंदवतो, त्या नोंदींवरून देयक तयार होऊन लेखा विभागात जाते, साहित्याच्या चाचण्यांचे अहवाल नस्तीत, म्हणजे कामाच्या फाइलीत, लागतात, आणि करारात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो, ज्याच्या आत रस्ता बिघडल्यास ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो. ही साखळी ध्यानात आली की अर्जाचा मजकूर आपोआप असा उतरतो:

'विषय : अमुक चौक ते अमुक शाळा या रस्त्याचे काँक्रीटीकरण. कालावधी : १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५. तपशील : या कामाच्या (१) मंजूर अंदाजपत्रकाची, (२) कार्यादेशाची व करारातील दोषदायित्वविषयक अटींची, (३) मोजमाप पुस्तकातील संबंधित पृष्ठांची, (४) अदा केलेल्या सर्व देयकांची आणि (५) साहित्य चाचणी अहवालांची प्रमाणित प्रत मिळावी. तसेच या कामाची संपूर्ण नस्ती टिपणीसह समक्ष पाहण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.'

या मजकुरात कोणावर आरोप नाही, रागाचा एक शब्द नाही. आणि तरीही मोजमाप पुस्तकात लिहिलेली जाडी व प्रत्यक्ष रस्त्याची जाडी यांची रुजवात घालता आली, तर शंभर तक्रारींनी होत नाही ते काम एका कागदाने होते. इमारतीबाबत याच रीतीने नगररचना विभागाकडे मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, जोता तपासणीचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. पाण्याबाबत वितरणाचे वेळापत्रक आणि गुणवत्ता चाचणीचे अहवाल. एखाद्या निर्णयाबाबत सभेचे इतिवृत्त, ठराव आणि त्यामागची कार्यालयीन टिपणी.

नस्ती कोणती आणि तिच्यात काय आहे याची कल्पना नसेल तर नकलांच्या मागे लागण्यापूर्वी अवलोकन मागणे शहाणपणाचे होय, कारण नकलेस पानामागे दोन रुपये पडतात आणि अवलोकनाचा पहिला तास विनामूल्य असतो. पुणे महापालिकेत रुळलेली प्रथा पुढे राज्यभर न्यावी म्हणून शासनाने २०१८ च्या नोव्हेंबरात परिपत्रक काढून जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अभिलेख नागरिकांस पाहण्यासाठी खुले ठेवावेत, असे ठरवले. या सोयीची माहिती फार थोड्यांना आहे आणि न मागितल्यास कचेरी ती आपणहून सांगेलच असे नाही. म्हणून परिपत्रकाची प्रत खिशात घेऊन जावे. पाहावयास जाताना सोबत शिसपेन्सिल आणि वही न्यावी, नस्तीतील पृष्ठक्रमांक टिपावेत आणि नेमक्या तेवढ्याच पृष्ठांच्या नकला मागाव्यात.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत माहिती मिळाली पाहिजे; व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नकलांचे शुल्क भरा, असे पत्र येते तेव्हा त्यात हिशेब दिलेला असला पाहिजे, आणि पत्र निघाल्यापासून शुल्क भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात. म्हणून अर्जदारानेही दिरंगाई करू नये. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली, तर ती विनाशुल्क द्यावी लागते. काहीच उत्तर आले नाही तर कायद्याच्या दृष्टीने तो नकार होय आणि अपिलाचा दरवाजा तेथेच उघडतो.

नकाराची काही कारणे न्याय्य असतात, हेही मान्य केले पाहिजे. व्यापारी गुपिते, चालू तपासास बाध येईल असा मजकूर, कोणाच्या जीवितास धोका होईल अशी माहिती कलम ८ अन्वये रोखता येते. व्यक्तिगत माहितीच्या अपवादाचे शब्द २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने बदलून तो अपवाद अधिक रुंद केला, आणि माहिती अधिकाराच्या चळवळीतील अनेकांना ती गोष्ट चिंतेची वाटते. परंतु सार्वजनिक हित गोपनीयतेच्या हिताहून मोठे असेल तर माहिती देता येईल, हे कलम ८(२) अद्याप शाबूत आहे, आणि कलम १० प्रमाणे गोपनीय भाग झाकून उरलेला भाग देता येतो. अर्जात या दोन्ही कलमांचा निर्देश करणे म्हणूनच उपयुक्त ठरते. नकार देताना कोणत्या कलमाखाली, कोणत्या कारणाने, आणि अपील कोणाकडे किती दिवसांत, हे लिहिणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

'नस्ती आढळून येत नाही' हे उत्तर मात्र न्याय्य कारणांत बसत नाही. कलम ८ व ९ मधील अपवादांत गहाळ कागद हा अपवाद कोठेही नाही. जुने कागद नाहीसे झाले असतील तर ते नियमाप्रमाणे नष्ट केले गेले, याची नोंद असली पाहिजे. शासकीय दप्तरात अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करून कायम ठेवावयाचे कोणते आणि अल्पकाळानंतर नष्ट करावयाचे कोणते, हे ठरवलेले असते. म्हणून अशा उत्तरावर पुढचा अर्ज करून त्या नस्तीचा वर्ग, नष्ट केल्याचा आदेश आणि नोंदवहीतील पृष्ठ मागावे. नोंद नसेल आणि नस्तीही नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा आधार घेऊन जबाबदारी निश्चित करण्याची मागणी अपिलात करता येते.

पहिले अपील नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, 'जोडपत्र ब' मध्ये, वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टँपसह त्याच कचेरीतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करावयाचे. त्याचा निकाल ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत व्हावयाचा. समाधान न झाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांसाठी ते कोकण खंडपीठाकडे जाते. माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याचा भार अधिकाऱ्यावर असतो, अर्जदारावर नसतो; आणि विनाकारण विलंब झाल्याचे ठरले तर आयोग अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत व्यक्तिशः दंड करू शकतो. आयोगापुढे हजारो अपिले तुंबलेली असल्याने तेथील निकालास फार काळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीस स्वतः हजर राहून, अर्जाचा प्रत्येक मुद्दा क्रमाने वाचून, शक्य तो निवाडा तेथेच करून घेणे हिताचे असते.

या अधिकाराची किंमत काहींनी प्राणांनी चुकवली आहे. पुण्याजवळच्या तळेगाव दाभाडे या उपनगरी गावात जमिनींच्या व्यवहारांतील गैरप्रकार उघडकीस आणणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी भररस्त्यात हत्या झाली. जमीन आणि बांधकाम यांत जेथे मोठी रक्कम गुंतलेली असते तेथे एकट्याने पुढे होऊ नये. एकाच विषयावर चार शेजाऱ्यांनी चार अर्ज करावेत आणि मिळालेले कागद लगेच अनेकांच्या हाती द्यावेत. तसेच या साधनाचा उपयोग कोणाचे वैर उगवण्यासाठी किंवा पैसे उकळण्यासाठी करणाऱ्यांनी कायद्याचे जे नुकसान केले आहे, ते लक्षात ठेवून प्रत्येक अर्ज सार्वजनिक प्रयोजनाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

२०२० नंतर या पट्ट्यातील अनेक नगरपालिकांच्या मुदती संपल्या, निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवक नव्हता. माहितीचा अर्ज हाच नागरिकाच्या हाती उरलेला प्रश्न होता. वस्तुतः कलम ४ ने नगरपालिकेवर अंदाजपत्रक, निर्णय, सवलतींचे लाभार्थी, अधिकाऱ्यांची नावे व कर्तव्ये अशी सतरा प्रकारची माहिती न मागता प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य टाकले आहे. ते मनापासून पाळले गेले असते तर निम्म्या अर्जांची गरजच पडली नसती. ते पाळले जावे यासाठी पहिला अर्ज या सतरा बाबींचाच करावा, ही माझी वाचकांस आग्रहाची सूचना आहे, कारण त्याच्या उत्तरातून एका घराला नव्हे, संपूर्ण शहराला माहिती मिळते. आणि मिळालेला कागद कपाटात न ठेवता गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत, संस्थेच्या हिशेबानंतर, मोठ्याने वाचावा. राजस्थानातील मजुरांनी आपले हजेरीपट असेच वाचले होते, आणि त्या वाचनातूनच हा अधिकार देशास मिळाला.